वेबकॅम मॉडेलच्या कामाचं सर्वेक्षण: उपयोगी पडेल अशी प्रश्नावली कशी बांधावी

सर्वेक्षण करायचं ठरलं की बहुतेक जण आधी ऑनलाइन फॉर्म उघडतात आणि वय, लिंग, शिक्षण असे प्रश्न टाइप करायला लागतात. वेबकॅम मॉडेलच्या, म्हणजे पैसे घेऊन इंटरनेटवर थेट (बहुतेकदा लैंगिक) शो करणाऱ्यांच्या, बाबतीत ही सुरुवात महागात पडते. टोकन (प्रेक्षक साइटवर पैसे देऊन घेतो ती आभासी नाणी), प्रायव्हेट शो (जास्त पैसे देणाऱ्या प्रेक्षकासाठीचा खासगी शो), पेआउट (साइटने मॉडेलला चुकती केलेली रक्कम) हे शब्द प्रश्न लिहिणाऱ्याला माहीत नाहीत, हे वेबकॅमवर काम करणाऱ्या व्यक्तीच्या पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच लक्षात येतं. मग ती फॉर्म बंद करते किंवा अंदाजपंचे काहीतरी भरून मोकळी होते. यातला दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तक्ता पूर्ण भरलेला दिसतो आणि त्यातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे अहवाल छापल्यावर कळतं.

अशी बरीच सर्वेक्षणं वाया जातात ती मोजमापाची एककं ढिली ठेवल्यामुळे. माणूस मोजतोय की खातं, टोकन मोजतोय की हातात आलेले पैसे, लॉगिनचे तास मोजतोय की कामाचे, हे ठरलेलं नसेल तर बाकी कितीही काळजी घेतली तरी उपयोग नाही. म्हणून या लेखात या तीन गोष्टींवर सगळ्यात जास्त वेळ दिला आहे.

आधी निर्णय, मग प्रश्न

एका पानावर लिहून काढा: हे निष्कर्ष कोण वापरणार, आणि ते हातात आल्यावर नक्की काय बदलणार? मॉडेलच्या संघटनेला स्टुडिओंकडून (मॉडेलना जागा आणि साधनं देऊन कमाईत वाटा घेणाऱ्यांकडून) कपातीचा लेखी हिशेब मागायचा असेल, तर वाटा, दंड, करार आणि पासवर्ड यांचे प्रश्न लागतील. आरोग्यसेवेला दवाखान्याच्या वेळा ठरवायच्या असतील, तर रात्रीचे तास आणि डॉक्टरकडे न जाण्याची कारणं लागतील. दोन्ही गोष्टी एकाच फॉर्ममध्ये कोंबल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

मग प्रत्येक प्रश्नासमोर दोन वाक्यं लिहा. ‘हो’ म्हणणारे ६० टक्के निघाले तर काय करू, आणि १० टक्के निघाले तर काय करू? दोन्ही वाक्यं सारखीच आली तर तो प्रश्न काढा. या चाळणीत पहिल्या मसुद्यातले निम्मे प्रश्न सहज गळतात. शेवटी २५ ते ३० प्रश्न उरले आणि ते मोबाइलवर १० ते १२ मिनिटांत भरून झाले, तर लांबी बरोबर आहे.

हे काम करणाऱ्या ३ ते ५ जणांना सल्लागार म्हणून घ्या आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. घरून स्वतंत्र काम करणारी एक, स्टुडिओतली एक, जोडीने काम करणारं कुणी, पुरुष किंवा ट्रान्स मॉडेल, आणि काम सोडलेली एक व्यक्ती, असा गट असावा. त्यांना प्रश्न लिहिण्याआधी बोलवा. प्रश्नावली तयार करून ‘जरा नजर टाका’ म्हणून पाठवली तर फक्त शब्द सुधारले जातात. जो प्रश्न मुळात चुकीचा आहे तो तसाच राहतो.

कोणाला मोजायचं: माणसाला की खात्याला

एका व्यक्तीची तीन साइटवर तीन खाती असू शकतात. एका खात्यावर जोडपं काम करतं. काही स्टुडिओंत एकच खातं वेगवेगळ्या पाळ्यांत वेगवेगळ्या व्यक्तींना दिलं जातं, किंवा सोडून गेलेल्या मॉडेलचं जुनं खातं नवीन व्यक्तीला चालवायला देतात. त्यामुळे साइटवर दिसणारी खाती मोजून ‘इतके कामगार आहेत’ असं म्हणता येत नाही. सर्वेक्षणाचं एकक व्यक्तीच ठेवा, आणि खात्यांबद्दल वेगळं विचारा: गेल्या ३० दिवसांत किती खाती वापरली, त्यातली किती फक्त तुम्ही एकट्याने वापरली. जोडीने काम करणाऱ्यांना स्पष्ट सांगा की दोघांनी वेगवेगळा फॉर्म भरायचा आहे. उत्पन्नाच्या प्रश्नात मात्र ‘ही रक्कम दोघांची मिळून आहे’ असा पर्याय ठेवा, नाहीतर तेच पैसे दोनदा मोजले जातील.

व्याख्या अशी घट्ट हवी: वय १८ किंवा जास्त आणि गेल्या १२ महिन्यांत पैशांच्या बदल्यात निदान एकदा थेट कॅमेऱ्यावर लाइव्ह शो केलेला. फक्त रेकॉर्ड केलेले व्हिडिओ विकणारे किंवा फक्त सबस्क्रिप्शनचं पान चालवणारे यात धरायचे का, हे आधीच ठरवा. बरेच जण दोन्ही करतात, पण दोन्हींचे तास आणि धोके वेगळे आहेत.

ही अट फॉर्मच्या तोंडाशी उघड लिहू नका. ‘तुम्ही वेबकॅम मॉडेल आहात का?’ या प्रश्नाला सर्वेक्षणाच्या मोबदल्यासाठी आलेला कुणीही ‘हो’ म्हणेल. त्याऐवजी यादी द्या: लाइव्ह कॅमेरा शो, रेकॉर्डेड व्हिडिओ विक्री, सबस्क्रिप्शन पान, फक्त मजकुरावर गप्पा, गेमचं प्रक्षेपण, यांपैकी काही नाही. गेल्या १२ महिन्यांत यातल्या कशातून पैसे मिळाले ते निवडू द्या. पात्रता कशावर ठरते हे उत्तर देणाऱ्याला कळत नाही, आणि मिश्र कामाची माहितीही आपोआप मिळते.

काम सोडलेल्या माणसांना विसरू नका. आज ऑनलाइन असलेल्यांनाच विचारलं तर टिकून राहिलेल्यांचंच चित्र येतं. पहिल्या काही महिन्यांत फारसे पैसे न मिळाल्याने किंवा व्हिडिओ बाहेर फुटल्याने जे निघून गेले, ते त्यात नसतात. १२ महिन्यांची मुदत त्यांच्यासाठीच आहे. ‘शेवटचा शो कधी केला?’ हा प्रश्न घाला म्हणजे त्यांची उत्तरं वेगळी काढता येतील.

शब्द

काही मॉडेल स्वतःला सेक्स वर्कर म्हणवतात, काहींना तो शब्द अजिबात मान्य नसतो. कुणी परफॉर्मर म्हणतं, कुणी क्रिएटर. फॉर्मचं शीर्षक ‘लाइव्ह कॅमेऱ्यावरील काम’ असं साधं ठेवा आणि ‘या कामाला तुम्ही स्वतः काय म्हणता?’ हे विचारा. अनेक फॉर्म-सॉफ्टवेअरमध्ये एका प्रश्नाचं उत्तर पुढच्या प्रश्नांच्या वाक्यात आपोआप बसवता येतं. मराठीत ते जपून करावं लागतं, कारण विभक्ती लागली की शब्दाचं सामान्यरूप बदलतं आणि वाक्य मोडतं. बसवलेला शब्द नेहमी प्रथमेत, अवतरणचिन्हात ठेवा. क्रियापदांचंही तेच. ‘तुम्ही आजारी पडला होतात का’ या वाक्यात लिंग गृहीत धरलेलं आहे. ‘तुम्हाला बरं नव्हतं असं झालं का’ यात नाही. स्त्री, पुरुष, ट्रान्स, जोडपी असे सगळेच हे काम करतात, त्यामुळे अशा वाक्यांवरून सगळी प्रश्नावली एकदा तपासून घ्या.

‘पीडित’, ‘सुटका’ असे शब्द प्रश्नात नकोत, आणि ‘सशक्त’, ‘मुक्त’ असेही नकोत. दोन्हीकडून उत्तर आधीच सुचवलं जातं.

पैसे: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

‘महिन्याला किती कमावता?’ हा प्रश्न विचारू नका. पैसा प्रेक्षकाकडून मॉडेलच्या हातात येईपर्यंत चार ठिकाणी घटतो. प्रेक्षक टोकन विकत घेतो. त्यातला काही भाग साइट ठेवते. मध्ये स्टुडिओ किंवा एजंट असेल तर तो वाटा घेतो. पैसे पाठवणारी सेवा आणि चलनबदल आपलं शुल्क घेतात. आणि कर उरतोच. उदाहरणादाखल, चॅटरबेट या वेबकॅम साइटवर एका टोकनमागे खात्यात ५ सेंट जमा होतात, पण प्रेक्षकाने त्याच टोकनसाठी जास्त मोजलेले असतात, आणि किती जास्त हे त्याने केवढा संच घेतला त्यावर ठरतं.

समजा एका काळात २०,००० टोकन मिळाले. ५ सेंटने १,००० डॉलर झाले. स्टुडिओने निम्मे घेतले, ५०० उरले. पैसे पाठवण्यात आणि चलनबदलात २० गेले, हातात ४८० आले. आता ‘किती कमावता?’ या प्रश्नाला ही व्यक्ती २०,००० लिहील, १,००० लिहील, ५०० लिहील किंवा ४८० लिहील. चारही उत्तरं खरी आहेत. शंभर जणांची अशी सरमिसळ झाल्यावर त्याची सरासरी काढणं म्हणजे निव्वळ फसवणूक आहे.

म्हणून एकच पेआउट धरा, तोही शेवटचा. बऱ्याच साइट महिन्यातून दोनदा पैसे देतात, काही दर आठवड्याला. प्रश्नांचा क्रम असा ठेवा:

१. तुमचा शेवटचा पेआउट किती दिवसांच्या कामाचा होता?
२. साइटने स्वतःचा वाटा कापून झाल्यावर किती रक्कम दाखवली? (टोकन नव्हे, पैसे)
३. त्यातून स्टुडिओ, एजंट किंवा इतर कुणी किती घेतले? कुणी नसेल तर ० लिहा.
४. पैसे पाठवण्याचं शुल्क आणि चलनबदल मिळून अंदाजे किती गेले?
५. शेवटी तुमच्या हातात किंवा तुमच्या बँक खात्यात किती आले?
६. तुमच्या नेहमीच्या पेआउटच्या तुलनेत ही रक्कम कशी होती: बरीच कमी, थोडी कमी, साधारण तेवढीच, थोडी जास्त, बरीच जास्त?

दुसऱ्या आकड्यातून तिसरा आणि चौथा वजा केला की पाचव्याच्या जवळ यायला हवं. फार अंतर पडलं तर ते उत्तर फेकू नका, वेगळं काढून बघा. कित्येकदा हे अंतर म्हणजेच न सांगितलेली कपात असते, आणि स्टुडिओतल्या व्यक्तीला दुसरा आकडा दाखवलेलाच नसतो. ‘मला ही रक्कम दाखवली जात नाही’ हा पर्याय दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात हवाच. त्यावर किती टिचक्या पडतात, हा स्वतंत्र निष्कर्ष आहे.

चलन उत्तर देणाऱ्याला निवडू द्या आणि रूपांतर नंतर तुम्ही करा, त्या पेआउटच्या महिन्याच्या दराने. आकड्याच्या चौकटीत फक्त पूर्णांक स्वीकारा. काही देशांत १.००० म्हणजे एक हजार, काही देशांत एक. टिंब आणि स्वल्पविराम चालू दिले तर हजारपटीची चूक होते आणि ती पकडता येत नाही.

नेमका आकडा द्यायला तयार नसणाऱ्यांसाठी गट ठेवा, पण सारख्या अंतराचे नकोत. या कामातलं उत्पन्न फार विषम असतं: पुष्कळांना थोडे पैसे आणि मोजक्यांना खूप. गट दुप्पट होत जाणारे करा: ०, १ ते ५०, ५१ ते १००, १०१ ते २००, २०१ ते ४००, असे डॉलरमध्ये पुढे. शून्य नेहमी स्वतंत्र, कारण काम करूनही किमान रकमेची अट पूर्ण न झाल्याने पेआउट न मिळालेले लोक तिथे सापडतात. निष्कर्षात सरासरी देऊ नका. मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) द्या आणि सोबत खालचा व वरचा चतुर्थक (ज्यांच्या खाली अनुक्रमे पाव आणि पाऊण उत्तरं येतात ते आकडे). एखादी प्रसिद्ध मॉडेल नमुन्यात आली की सरासरी सगळ्यांनाच श्रीमंत ठरवते.

खर्चासाठी गेल्या ३ महिन्यांचा काळ पुरे: दिवे, कॅमेरा, इंटरनेट, कपडे, लैंगिक खेळणी, खोलीचं भाडं, जाहिरात. परत गेलेल्या टिप्स, म्हणजे प्रेक्षकाने कार्ड कंपनीकडे तक्रार करून परत मिळवलेले पैसे, याचा प्रश्न वेगळा ठेवा, कारण त्याचा भार कुणावर पडतो हे साइटनुसार बदलतं.

उत्पन्न कुठून येतं हे विचारताना ‘१०० गुण वाटून द्या’ असा प्रश्न मोबाइलवर लोक सोडून देतात. सार्वजनिक खोलीतल्या (सगळ्या प्रेक्षकांना खुल्या असलेल्या ऑनलाइन शोमधल्या) टिप्स, प्रायव्हेट शो, फॅन क्लब, व्हिडिओ विक्री, साइटबाहेरचे पैसे, यांतले सर्वांत मोठे दोन निवडायला सांगा. तेवढं पुरतं.

वेळ

लॉगिनचे तास साइट दाखवते, म्हणून तेच सगळ्यांना आठवतात. पण शोच्या आधी मेकअप, प्रकाशयोजना, खोली आवरणं. नंतर सफाई, खेळणी धुणं. मधल्या वेळात सोशल मीडियावर प्रसिद्धी, नियमित प्रेक्षकांना निरोप, व्हिडिओ कापणं, चोरलेले व्हिडिओ हटवण्यासाठी तक्रारी, हिशेब. हे सगळं बिनपगारी काम आहे आणि ते मोजलं नाही तर तासाचा दर फुगतो.

‘आठवड्याला सरासरी किती तास?’ याचं उत्तर बहुतेक वेळा आदर्श आठवड्याचं येतं. आधी कामाचा शेवटचा दिवस धरा: त्या दिवशी तयारीला किती, कॅमेरा चालू असताना किती, त्यातला पैसे देणाऱ्या प्रेक्षकासोबत किती, नंतरच्या कामांना किती. मग गेल्या ७ दिवसांत असे किती दिवस काम केलं ते विचारा. एकाच वेळी दोन-तीन साइटवर प्रक्षेपण करणाऱ्यांना सूचना द्या की घड्याळाचे तास मोजा, साइटचे नव्हे. नाहीतर ४ तासांचे १२ होतात.

वरच्याच उदाहरणात त्या काळात ६० तास लॉगिन असेल तर ४८० डॉलरचा दर तासाला ८ डॉलर. तयारी आणि प्रसिद्धीचे ३० तास धरले की तोच दर ५.३३ वर येतो. अहवालात दोन्ही आकडे छापा आणि कुठला कशावरून काढला ते त्याच ओळीत लिहा.

पाळीची वेळही विचारा. ज्यांचे प्रेक्षक दुसऱ्या कालविभागात आहेत त्यांना रात्रभर बसावं लागतं, आणि झोप, पाठ, डोळे यांच्या तक्रारी त्याच्याशी जोडून पाहता येतात.

कोणाच्या हातात काय आहे

‘तुम्ही नोकरदार आहात की स्वतंत्र?’ याला कागदावर जे लिहिलंय तेच उत्तर येतं, आणि साइटच्या करारात मॉडेलला सहसा स्वतंत्र कंत्राटदारच म्हटलेलं असतं. खरी परिस्थिती छोट्या, ठोस प्रश्नांतून कळते. कोलंबिया आणि रुमानिया या देशांत स्टुडिओंचा धंदा मोठा आहे. अशा ठिकाणी पुढचे प्रश्न सगळ्यात बोलके ठरतात.

कामाच्या वेळा कोण ठरवतं? उशीर झाला किंवा दांडी झाली तर पैसे कापले जातात का? खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाला? पेआउट आधी कोणाच्या नावावर येतो? साइटशी केलेला करार तुम्ही स्वतः वाचून मान्य केला का, की दुसऱ्याने तुमच्या वतीने बटण दाबलं? काम सोडलं तर खातं आणि त्यावरचे प्रेक्षक तुमच्यासोबत येतात का? प्रेक्षकाची एखादी मागणी नाकारली तर शेवटचा शब्द कोणाचा? प्रेक्षकाशी चॅट तुम्ही स्वतः टाइप करता की मॉनिटर (शोवर लक्ष ठेवणारा स्टुडिओचा माणूस) करतो?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण काढू नका. दुसरं कुणी मॉडेलच्या नावाने चॅट करत असेल, तर ज्याला ती कधी ‘हो’ म्हणाली नाही अशा शोचं आश्वासन तिच्या नावावर दिलं जाऊ शकतं.

हे प्रश्न गेल्या १२ महिन्यांत स्टुडिओत काम केलेल्यांनाच दिसतील अशी शाखा ठेवा. घरून काम करणाऱ्यांसाठी दुसरी शाखा: खातं बंद झालं का, कारण सांगितलं का, दाद मागता आली का, अडकलेले पैसे मिळाले का, बँक किंवा पेमेंट सेवेने खातं नाकारलं का. नियमबदलांबद्दल विचारताना ठोस खुणा द्या. १५ ऑक्टोबर २०२१ पासून मास्टरकार्डने प्रौढ आशयाच्या साइटसाठी ओळख, वय आणि संमतीच्या पडताळणीचे कडक नियम लागू केले. ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्स या सबस्क्रिप्शन साइटने लैंगिक आशयावर बंदी जाहीर केली आणि काही दिवसांतच मागे घेतली. ‘हे झालं तेव्हा तुमचं हे काम चालू होतं का?’ असं विचारलं की आठवण वर्षांच्या अंदाजापेक्षा नेमकी जागी होते.

त्रास, आरोग्य आणि चांगल्या बाजू

‘तुमचा छळ झाला आहे का?’ या प्रश्नात प्रत्येक जण छळाची आपापली व्याख्या वापरतो, आणि रोज शिव्या ऐकणारी व्यक्ती ‘नाही’ म्हणते कारण तिला ते नेहमीचंच वाटतं. घटना लिहा. गेल्या १२ महिन्यांत कुणी तुमचा शो तुमच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड करून दुसरीकडे टाकला का? कुणी तुमचं खरं नाव, पत्ता किंवा कुटुंब शोधून काढल्याचं दाखवलं का? पैशांसाठी किंवा शोसाठी धमकी दिली का? प्रत्यक्ष भेटायला आलं का? पाठलाग केला का? प्रत्येकाला ‘कधीच नाही, एकदा, दोन ते पाच वेळा, त्याहून जास्त’ असे पर्याय, आणि मागोमाग: कोणाला सांगितलं, त्याने काही फरक पडला का? एका प्रश्नात दोन घटना जोडू नका.

हे सगळं प्रश्नावलीच्या शेवटच्या एक तृतीयांश भागात, आधी सूचना देऊन आणि अख्खा भाग वगळण्याच्या बटणासह. त्यानंतर एक-दोन हलके प्रश्न ठेवा. माणसाला धमकीच्या आठवणीवर सोडून फॉर्म संपवू नये. शेवटी मदतीची यादी देणार असाल तर त्यातल्या प्रत्येक ठिकाणी स्वतः विचारून घ्या की हे काम करणाऱ्या व्यक्तीला ते काम सोडण्याची अट न घालता मदत करतात का.

आरोग्यात पाठ, मनगट, डोळे, झोप, मूत्रमार्गाचा संसर्ग, खेळण्यांमुळे झालेली इजा हे नावानिशी विचारा. नुसतं ‘तब्येत कशी आहे’ नको. चांगल्या बाजूंनाही तेवढीच ठोस जागा द्या: वेळ स्वतः ठरवता येणं, घरून काम, नको त्या प्रेक्षकाला बाहेर काढता येणं. ‘सहमत–असहमत’ अशी मोजपट्टी टाळा, लोक सवयीने सहमत होतात. ‘गेल्या महिन्यात नको असलेल्या किती मागण्यांना नाही म्हणता आलं: सगळ्या, बहुतेक, काही, एकही नाही’ असं थेट विचारा.

ओळख उघडी पडू नये म्हणून

युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात लैंगिक जीवनाविषयीची माहिती कलम ९ खाली विशेष संरक्षित प्रकारात येते. तुमच्यावर तो कायदा लागू असो वा नसो, माहिती त्याच दर्जाने सांभाळा.

नाव, वापरकर्तानाव, ईमेल, जन्मतारीख, शहर यातलं काहीही मागू नका. वय गटात, ठिकाण देश किंवा प्रदेश एवढंच. कमाईच्या पानाचा फोटो पुरावा म्हणून कधीही मागू नका. त्यात वापरकर्तानाव असतं. कामाला सुरुवात केली तेव्हाचं वय विचारणार असाल, तर १८ पेक्षा कमी आकडा आल्यावर तुमच्यावर कायद्याने काय बंधन येतं ते आधी शोधा आणि संमतीच्या पानावर लिहा. ते करता येत नसेल तर प्रश्न वगळा.

गूगल फॉर्म्समध्ये ‘एका व्यक्तीला एकच उत्तर’ चालू केलं की उत्तर देण्यासाठी गूगल खात्यात साइन-इन करावं लागतं. ते दिसताच लोक परत फिरतात, आणि बरोबरच करतात. स्वतःच्या सर्व्हरवर लाइमसर्व्हे हे सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर चालवता येत असेल तर ते बरं. त्यात निनावी प्रतिसाद चालू करा, आयपी पत्ता आणि संदर्भ-दुवा (उत्तर देणारा कोणत्या पानावरून आला ते) साठवणं बंद ठेवा. निनावी प्रतिसादासोबत तारखेचा शिक्का चालू असेल तर प्रत्येक उत्तरावर १ जानेवारी १९८० ही तारीख दिसते. तो बिघाड नाही, वेळेवरून माणूस ओळखता येऊ नये म्हणून केलेली सोय आहे.

मोबदल्यासाठी वेगळा फॉर्म, वेगळा दुवा, उत्तरांशी न जोडलेला. मोबदला सगळे प्रश्न भरण्यावर अवलंबून नसावा. प्रत्येक प्रश्न वगळता आला पाहिजे. ‘झटपट बाहेर पडा’ बटण ठेवलंत तर लिहा की त्याने ब्राउझरचा इतिहास पुसला जात नाही.

लोकांपर्यंत पोचणं, आणि बनावट उत्तरं

मोबदल्याचा उल्लेख असलेला उघडा दुवा सोशल मीडियावर टाकला की काही तासांत शेकडो बनावट उत्तरं येऊ शकतात. त्यामुळे प्रत्येक मार्गासाठी वेगळा दुवा करा, म्हणजे एखादा बिघडला तर तेवढाच बंद करता येईल. ‘कोणत्या साइटवर काम केलं?’ या प्रश्नाच्या यादीत अस्तित्वात नसलेली एक साइट घाला. तिच्यावर खूण करणारं उत्तर संशयित, पण लगेच बाद नाही, कारण मोबाइलवर बोट घसरतं. एक मोकळा प्रश्नही ठेवा: ‘शेवटच्या शोआधी कॅमेरा सुरू करण्यापूर्वी काय काय तयारी केली?’ काम करणारी व्यक्ती त्यात चार बारीक गोष्टी लिहिते. बनावट उत्तर गुळगुळीत आणि सर्वसाधारण असतं. दोन खुणा जुळल्या तरच उत्तर बाजूला काढा, आणि हा नियम उत्तरं यायच्या आधी लिहून ठेवा.

ओळखीतून ओळखीत पोचण्याची पद्धत, जी डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडली, इथे मोहात पाडते. सुरुवातीचे काही जण निवडायचे, प्रत्येकाला सहसा तीन कूपन द्यायची, ती त्यांनी ओळखीच्या सहकाऱ्यांना वाटायची. पण घरून एकटं काम करणाऱ्या पुष्कळांना प्रत्यक्ष ओळखीचं दुसरं कुणीच नसतं, त्यांची साखळी दुसऱ्या कडीलाच तुटते. स्टुडिओतली साखळी उलट एकाच इमारतीत फिरत राहते. ही पद्धत वापरलीच तर ‘गेल्या ३० दिवसांत ज्यांच्याशी बोलणं झालं असे किती मॉडेल ओळखता?’ हा प्रश्न फॉर्ममध्ये हवाच, त्याशिवाय भारांकन (जास्त ओळखी असलेल्यांच्या उत्तरांचं वजन कमी करणं) करता येत नाही.

स्टुडिओच्या व्यवस्थापकामार्फत फॉर्म वाटू नका. तो शेजारी नसला तरी त्याच्याकडून आलेल्या दुव्यावर खरं लिहायला कुणी धजावत नाही. चालू शोच्या खोलीत जाऊन विनंतीही करू नका, ती कामाची वेळ आहे.

आणि ४०० उत्तरं आली म्हणून ‘चूक ५ टक्क्यांच्या आत’ असं लिहू नका. ते गणित यादृच्छिक नमुन्याचं, म्हणजे पूर्ण यादीतून चिठ्ठी काढल्यासारखी माणसं निवडण्याचं, आहे. या लोकसंख्येची यादीच नसल्यामुळे तुमचा नमुना तसा नाही. कोणत्या मार्गाने किती उत्तरं आली, कोण पोचलंच नाही, हे सांगितलं तर वाचणाऱ्याला स्वतः तोलता येतं.

चाचणी, आणि नंतर

आधी ६ ते ८ जणांना समोर किंवा कॉलवर फॉर्म भरायला सांगा, मनात येईल ते मोठ्याने बोलत, आणि त्यांच्या तासाचे पैसे द्या. ते कुठे थांबतात ते टिपा. पैशांच्या दुसऱ्या प्रश्नावर थांबणारच, आणि तिथली वाक्यरचना दोन-तीनदा बदलावी लागेल. मग २० ते ३० जणांवर खरी चाचणी, सगळी मोबाइलवर. तक्त्यासारखे आडवे प्रश्न लहान पडद्यावर मोडतात, ते एकेक करून विचारा. एखाद्या प्रश्नावर फॉर्म सोडणाऱ्यांची संख्या अचानक वाढली तर तो खाली न्या किंवा काढा.

प्रसिद्ध करताना प्रत्येक आकड्याखाली किती जणांनी उत्तर दिलं ते लिहा. १० पेक्षा कमी माणसं असलेली चौकट छापू नका: ‘अमुक देश, ट्रान्स पुरुष, ४० च्या वर, स्टुडिओत’ या चार गोष्टींवरून सहकाऱ्यांना माणूस ओळखू येतो. मोकळ्या उत्तरांतून साइटची, ठिकाणांची, प्रेक्षकांची टोपणनावं काढा आणि उरलेलं वाक्य सल्लागारांना दाखवा. बोलण्याच्या लकबीवरून ओळख पटते ते त्यांनाच कळतं. निष्कर्षांचं दोन पानी साधं टिपण, ज्या ज्या भाषेत फॉर्म होता त्या भाषेत, ज्या मार्गांनी दुवा पाठवला त्याच मार्गांनी परत पाठवा, पूर्ण अहवालाच्या आधी. मूळ फाइल कोणत्या तारखेला पुसणार हे संमतीच्या पानावर लिहिलेलं असेल, तर त्या दिवशी ती बॅकअपसकट आणि सहकाऱ्यांच्या लॅपटॉपवरच्या प्रतींसकट पुसली गेली आहे, याची नोंद दोघांच्या सहीने ठेवा.